संततिनियमन ते कुटुंबनियोजन : कर्व्यांचा प्रश्न आणि आपले उत्तर

रघुनाथ धोंडो कर्वे यांच्याविषयी आता मराठीत सहसा कुणी वाईट बोलत नाही. हयातीत ज्यांना नोकरी सोडावी लागली, कोर्टात दंड भरावा लागला आणि सभ्य घरांत ज्यांचे मासिक लपवून वाचले गेले, त्या कर्व्यांना आपण आज मानाने आठवतो. य. दि. फडके यांनी त्यांचे चरित्र लिहिले. अनंत देशमुख यांनी त्यांचे लेखन खंडांमध्ये संकलित केले. अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ आला, अजित दळवींचे ‘समाजस्वास्थ्य’ रंगभूमीवर आले. या सगळ्यांतून एक विशेषण त्यांच्या नावाला कायमचे चिकटले आहे : ‘काळाच्या पुढे असलेला माणूस’.

या विशेषणात आपली एक सोय दडलेली आहे. कर्वे पुढे होते, समाज मागे होता, आणि आता समाज त्यांच्यापर्यंत पोहोचला, असा त्याचा गर्भित अर्थ. घरोघरी चौकोनी कुटुंबे दिसतात, औषधांच्या दुकानात साधने उघड मिळतात, सरकारी दवाखान्यात शस्त्रक्रिया फुकट होते. म्हणजे कर्व्यांचा विजय झाला. प्रस्तुत लेखात हा समज तपासायचा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : मराठी समाजाने कर्व्यांचे साधन घेतले, परंतु ज्या नैतिक प्रश्नासाठी त्यांनी ते पुढे केले तो प्रश्न बाजूला ठेवला. त्यामुळे कुटुंबाचा आकार बदलला. कुटुंबात निर्णय कोण घेतो, हे मात्र फारसे बदलले नाही.

१

कर्व्यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. त्याच वर्षी पुण्यात ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापले गेले. त्या पुस्तकाला निमित्त झाले होते सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेच्या खटल्याचे. नवजात मूल मारल्याबद्दल १८८१ साली तिला शिक्षा झाली आणि वृत्तपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले. त्याआधी १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. ही पार्श्वभूमी लक्षात घेतली तर एक गोष्ट स्पष्ट होते. नको असलेली संतती थोपवण्याची गरज विलायतेहून आयात झालेली नव्हती. ती इथल्या माजघरांत होतीच. फक्त तिचे मार्ग विहीर, विष आणि सुईणीची काडी हे होते. संततिनियमनाने कुटुंबात अनीती आणली असे म्हणणाऱ्यांनी आधीचा हा हिशेब कधी मांडला नाही.

कर्व्यांच्या घरातही तो हिशेब होता. आई राधाबाई १८९१ साली बाळंतपणात गेल्या, तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. वडिलांनी १८९३ मध्ये विधवेशी पुनर्विवाह केला आणि पुढे आयुष्य स्त्रीशिक्षणाला वाहिले. वडिलांचा प्रश्न होता : नवरा मेल्यावर बाईला जगण्याचा अधिकार आहे की नाही? मुलाने विचारलेला प्रश्न त्याच्या पुढचा आणि अधिक अडचणीचा होता : नवरा जिवंत असताना बाईचा स्वतःच्या शरीरावर अधिकार आहे की नाही?

विल्सन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या या माणसाने १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचा दवाखाना निघाला तो त्याच वर्षी. १९२३ मध्ये ‘संततिनियमन : विचार आणि आचार’ हे पुस्तक आले. १९२५ मध्ये या मतांपायी प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ निघाले आणि कर्वे १४ ऑक्टोबर १९५३ रोजी वारले, त्यानंतरच्या महिन्यात त्याचा शेवटचा अंक निघाला. सव्वीस वर्षे, जवळजवळ एकहाती. १९३१ मध्ये ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखाबद्दल शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा खटला झाला; बचावाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी दोनशे रुपये दंड झालाच.

त्यांचे प्रतिपादन दोन पायांवर उभे होते. पहिला पाय आरोग्याचा : वारंवारच्या बाळंतपणांनी बाया मरतात, ते थांबले पाहिजे. हा लोकांना हळूहळू पटला. दुसरा पाय नीतीचा, आणि खटले झाले ते त्याच्यावरून. कर्व्यांच्या मते भीतीपोटी पाळलेली नीती ही नीतीच नव्हे. दिवस जातील या धास्तीने जी स्त्री ‘चांगली’ राहते तिच्या चांगुलपणाला नैतिक मोल नाही. जिला निवड करता येते तिच्याबाबतच नीतीचा प्रश्न उद्भवतो. शरीरसुखाची इच्छा स्त्रीलाही असते आणि त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही, हे ते सरळ लिहीत. संततिनियमन हे त्यांच्या दृष्टीने या निवडीचे साधन होते. मुले कमी होणे हा त्याचा एक परिणाम. निवड करणारी व्यक्ती तयार होणे हा त्यांचा हेतू.

आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. कर्वे पतिपत्नींनी अपत्य नको असे ठरवले, तेव्हा शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी करून घेतली, मालतीबाईंनी नव्हे. चरित्रातला हा तपशील कौतुकाने सांगितला जातो, पण त्याचा अर्थ पुरता लावला जात नाही. त्याकडे पुढे येऊ.

२

कर्व्यांचा शब्द ‘संततिनियमन’. या शब्दातले नियमन करणारी एक व्यक्ती असते, आणि त्यांच्या लेखनात ती बहुधा स्त्री असते. त्याच दशकात ना. सी. फडके यांनीही या विषयावर इंग्रजीत पुस्तक लिहिले होते. १९२७ च्या त्या पुस्तकाला मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना होती. फडक्यांचा भर मात्र सुप्रजननावर, म्हणजे राष्ट्राची पुढची पिढी कशी निपजावी यावर होता. साधन एकच, पण एकाच्या नजरेसमोर बाई होती आणि दुसऱ्याच्या नजरेसमोर राष्ट्र. पुढची वाट राष्ट्राच्या बाजूने गेली.

नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रचाराचा ठराव मांडला. भाषण आंबेडकरांनी तयार केलेले होते. त्यात दारिद्र्य आणि लोकसंख्येचा मुद्दा आहेच, पण बाळंतपणाचा भार सोसणाऱ्या बाईला तो नाकारण्याची मुभा असली पाहिजे हेही तितक्याच ठामपणे आहे. ठराव मोठ्या फरकाने फेटाळला गेला.

स्वातंत्र्यानंतर हाच विषय सरकारी धोरण झाला. १९४९ मध्ये मुंबईत धन्वंती रामा राव यांच्या पुढाकाराने फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन स्थापन झाली, १९५२ मध्ये मुंबईतच आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि त्याच सुमारास भारत सरकारने कार्यक्रम हाती घेतला. मराठीत शब्द रूढ झाला ‘कुटुंबनियोजन’. हा बदल किरकोळ नाही. नियोजन करणारे आता कुटुंब झाले. आणि कुटुंब म्हणजे नवरा, सासू, कधी दीर, कधी गावही. बाईचे म्हणणे त्या सामूहिक नावात विरघळले. त्यानंतर आले ‘लोकसंख्या नियंत्रण’. त्यात कर्तेपण थेट शासनाकडे गेले. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांत पुरुषांच्या शस्त्रक्रिया बहुसंख्य होत्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा होऊ शकले नाही. १९७७ नंतर बदनाम झालेला शब्द बदलून ‘कुटुंब कल्याण’ करण्यात आला. शब्द सौम्य झाला आणि पुरुष बाजूला झाला.

इथे कर्व्यांच्या शस्त्रक्रियेचा तपशील आठवावा. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, कमी धोक्याची. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या जणींची शस्त्रक्रिया झालेली आहे, आणि पुरुष नसबंदीचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे. राज्याचा जननदर दर स्त्रीमागे १.७ पर्यंत उतरला आहे. हे यश कुणाच्या अंगावर टाके घालून मिळाले, हे या दोन आकड्यांवरून कळते.

बोलीभाषाही तेच सांगते. पाळणा लांबवला, पाळणा थांबवला, तांबी बसवली, टाक्याचे ऑपरेशन, बिनटाक्याचे ऑपरेशन : हे शब्द आपल्या आयाबायांनी सहज आत्मसात केले. पण या वाक्यांतला कर्ता शोधून पाहावा. “दोन झाली, मग ऑपरेशन करून टाकलं,” असे सांगणारी बाई “मी ठरवलं” असे क्वचितच म्हणते. ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ हा आशीर्वाद मागे पडला. त्या जागी ‘एक मुलगा झाला की बस’ आले. दोन्ही वाक्ये बाईविषयी आहेत, आणि दोन्ही दुसऱ्याच कुणी तरी बोललेली आहेत.

महात्मा गांधींचा विरोध इथे पुन्हा वाचण्यासारखा आहे. डिसेंबर १९३५ मध्ये सँगर वर्ध्याला त्यांना भेटल्या, तेव्हाही त्यांनी कृत्रिम साधनांपेक्षा संयम आणि पतीला नकार देण्याचे स्त्रीचे धैर्य यांवर भर दिला. ब्रह्मचर्याचा आग्रह अव्यवहार्य होता आणि त्यापायी कितीएक बायांना साधनांपासून दूर राहावे लागले असेल. पण साधनामुळे पुरुष जबाबदारीतून मोकळा सुटेल, ही जी भीती त्या विरोधात होती, ती अगदीच निराधार नव्हती. वरच्या आकड्यांत ती अर्धी खरी ठरलेली दिसते. कर्व्यांचे समर्थक हा मुद्दा सहसा टाळतात.

३

कर्व्यांचा वाचक मुंबई-पुण्यातला, शिकलेला, संपादकाला पत्र लिहून खासगी शंका विचारू शकणारा मध्यमवर्ग होता. महाराष्ट्रातले कुटुंब लहान झाले ते एवढ्या वर्गात नव्हे. म्हणून या विचाराची परीक्षा मासिक जिथे पोहोचत नव्हते अशा ठिकाणी घ्यायला हवी. त्यासाठी मुंबईसमोर, ठाणे खाडीच्या पलीकडच्या काठावर असलेले करावे हे आगरी-कोळ्यांचे गाव घेऊ. कर्वे आणि करावे हे नावातले साम्य योगायोगाचे. पण करावे आज नवी मुंबईच्या पोटात आहे आणि दोन पिढ्यांत तिथल्या कुटुंबाचा पायाच बदलला आहे.

खाडीकाठच्या या गावांचे जुने जगणे खारजमिनीतले भात, मिठागर आणि मासेमारी यांवर चाले. भरतीने बांध फुटला की अख्खे घर बांधावर धावे. मिठाच्या पाट्या वाहायला बाया, जाळी ओढायला गडी, मासे घेऊन बाजारात बसायला पुन्हा बाया. सात-आठ वर्षांचे पोर कामाला लागे. अशा घरात मूल हे आधी खायचे तोंड होते की काम करणारा हात, याचे उत्तर गिरगावातल्या कारकुनाच्या घरापेक्षा वेगळे येई. त्यात जन्मलेल्यांतली किती जगतील याची शाश्वती नसे. मुलगीही केवळ ओझे नव्हती. लग्नात वराकडून वधूच्या बापाला देज देण्याची चाल या समाजांत होती, कारण तिच्याबरोबर कष्टाचे दोन हात दुसऱ्या घरी जात. म्हणून अशा कुटुंबांना नुसते अज्ञानी म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्याही अनेक बाळंतपणांमागे हिशेब होता, आणि त्या हिशेबाची किंमत बाईचे शरीर मोजत होते. कर्व्यांच्या विवेचनात ही शेवटची बाजू लख्ख दिसते. पहिली बाजू मात्र मागे राहते. ज्ञान आणि साधन दिले की माणूस बदलेल, ही त्यांची श्रद्धा एका गणितज्ञाला शोभणारी होती. पण बीजगणितात ज्याला एक अव्यक्त पद म्हणतात, ते इथे जमीन आणि श्रम हे होते.

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे-पनवेल-उरण पट्ट्यातल्या पंचाण्णव गावांची जमीन संपादन करण्याचे ठरले. करावे त्यांपैकी एक. शेत गेले, मिठागर गेले, खाडीकाठ रस्त्यांनी आणि इमारतींनी वेढला. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात जे आंदोलन झाले त्यात पाच जणांनी जीव गमावला. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. जमीन गेली आणि तिच्या जागी भूखंड आला, तेव्हा घरातला हिशेब मुळापासून बदलला. पूर्वी हात मोजले जात, आता हिस्से मोजले जाऊ लागले. आठ हातांनी भात जास्त पिकते. आठ हिश्शांत भूखंड मात्र वाटता येत नाही. आजीची सात-आठ बाळंतपणे, आईची तीन आणि मग ऑपरेशन, सुनेचे एक किंवा दोन : हा क्रम अशा गावठाणांत एका आयुष्याच्या अवधीत घडला. तो घडवायला कुणाचे व्याख्यान लागले नाही.

याचे चांगले परिणाम नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. बाळंतपणात मरण पावणाऱ्या बायांची संख्या घटली. मोठ्या मुलीने धाकट्यांना कडेवर घेऊन शाळा सोडण्याचे दिवस सरले. तिशीत म्हातारी दिसणारी आई आता क्वचित दिसते. राधाबाईंच्या मुलाने ज्यासाठी हट्ट धरला त्यातला मोठा भाग इथे साध्य झाला आहे.

पण त्याचबरोबर काही नवे प्रश्नही घरात आले. तीन जावांत वाटली जाणारी सासूसासऱ्यांची सेवा आता एकटीच्या वाट्याला येते, आणि ती एकटी बहुधा नोकरीही करत असते. चौकोनी कुटुंबात एक भाऊ आणि एक बहीण उरतात. पूर्वी चार-पाच भावंडांनी तोललेले नाते त्या दोघांवर येते. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला सहहिस्सेदार केले. केंद्राने तो हक्क २००५ मध्ये दिला. कायद्याने हक्क मिळाला आणि व्यवहारात ‘हक्कसोडपत्र’ हा शब्द घरोघर माहीत झाला. भाऊबीजेला भाऊ ओवाळणी घालतो आणि तलाठ्याकडे किंवा नोंदणी कार्यालयात बहीण सही करते. सही केली नाही तर माहेर तुटते. मुलीच्या कष्टाला मोल होते तेव्हा तिच्यासाठी देज मोजले जात होते. आता ती हिश्श्यावर हक्क सांगू शकणारी आणि लग्नात खर्च करायला लावणारी ठरते. कुटुंब लहान झाले की मुलीची किंमत आपोआप वाढेल, हा सुधारकांचा अंदाज इथे चुकला. संख्या कमी झाली तेव्हा प्रत्येक जागेची किंमत वाढली, आणि ती जागा मुलाला देण्याची ओढही वाढली.

४

या ओढीचे सर्वांत क्रूर रूप महाराष्ट्राने आधी पाहिले आणि त्यावर कायदाही आधी केला. मुंबईतल्या स्त्री-संघटनांच्या आणि डॉक्टर-कार्यकर्त्यांच्या चळवळीमुळे १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातला पहिला कायदा इथे झाला. तरीही शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींचे प्रमाण १९९१ मध्ये ९४६ होते ते २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ वर आले. बीड जिल्ह्यात ते ८०७ होते. पूर्वी मुलाची वाट पाहत चार-पाच मुली जन्माला येत. पोरवडा वाढे, पण त्या मुली जगात तरी येत. दोनच मुले हवीत आणि त्यांत एक मुलगा हवाच, या दोन अटी एकत्र आल्या तेव्हा मधल्या मुलींना जागा उरली नाही. या काळ्या बाजूचे खापर कर्व्यांच्या माथी फोडता येणार नाही. गर्भपात आणि गर्भलिंगनिदान यांतले अंतर त्यांच्या विचारात स्पष्ट राहिलेच असते. पण ‘कुटुंब लहान’ हे ध्येय आणि ‘बाईचा निर्णय’ हे मूल्य यांची फारकत झाली की काय होते, ते या आकड्यांत दिसते.

शासनाचा दोन अपत्यांचा नियम याच फारकतीचे उदाहरण आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झाले तर महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत निवडणूक लढवता येत नाही. नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत आलेल्या करावे गावालाही तो लागू आहे. २००५ पासून सरकारी नोकरीत येणाऱ्यांनाही लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. नियम पुरुष आणि स्त्रीला समान दिसतो. परंतु ज्या बाईला किती मुले व्हावीत हे स्वतः ठरवता येत नाही, तिच्याकडून तिसऱ्या मुलाबद्दल राखीव जागेवरचे पद काढून घेणे हा न्याय नव्हे. निर्मला बुच यांनी आंध्र प्रदेश, हरियाणा, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या पाच राज्यांत अशा नियमांचा अभ्यास केला. पद वाचवण्यासाठी बायकोला टाकणे, मूल दुसऱ्याचे दाखवणे, गर्भपात करणे असे प्रकार त्यात आढळले. कर्व्यांच्या विरोधकांना भीती होती की साधनांमुळे कुटुंब मोडेल. साधनांनी कुटुंब मोडले नाही. सक्तीने मात्र काही मोडली.

५

मग कर्व्यांचे मूल्यमापन कसे करावे? त्यांची एक मर्यादा वर आली : कुटुंबाच्या अर्थव्यवस्थेकडे त्यांचे लक्ष कमी होते. दुसरी मर्यादा अधिक खोलची. साधन हाती आले की बाई निर्णय घेऊ लागेल, असे त्यांनी गृहीत धरले. त्यांच्या घरात ते खरे होते, कारण मालतीबाई आणि रघुनाथराव यांच्यात संवाद होता आणि शस्त्रक्रिया स्वतःवर करून घेण्याची पुरुषाची तयारी होती. साधनाआधी असलेले ते नातेच खरे सुधारणेचे केंद्र होते. पण त्यांनी लिहिले अधिक ते साधनाविषयी, कारण कायदा आणि समाज त्यावरच तुटून पडला होता. नात्याविषयी त्यांनी जे लिहिले ते अश्लील ठरवून बाजूला ठेवले गेले, आणि सरकारने उचलला तो फक्त दवाखान्याचा भाग. शकुंतला परांजपे यांनी १९३८ पासून पुण्यात आणि नंतर विधानपरिषदेत आणि राज्यसभेत हे काम चिकाटीने चालवले, म्हणून किमान ती परंपरा तुटली नाही.

या दोन मर्यादा मान्य केल्यावरही कर्व्यांचा मूळ प्रश्न उभाच राहतो, आणि तो आज विचारणे सोपे आहे असे मला वाटत नाही. कर्व्यांना मान देणाऱ्या घरात शस्त्रक्रिया कुणाची झाली? दुसरी मुलगी झाल्यावर ‘अजून एकदा पाहू’ असे कोण म्हणाले? मूल नको म्हणणाऱ्या सुनेला स्वार्थी कोण ठरवते? हक्कसोडपत्रावर सही कुणी केली आणि ती स्वखुशीने होती का? या प्रश्नांची उत्तरे अश्लील नाहीत, पण ती द्यायला आपण कर्व्यांच्या काळातल्या न्यायालयाइतकेच अवघडतो.

‘काळाच्या पुढे’ म्हणून कर्व्यांना बाजूला काढणे म्हणूनच मला मान्य नाही. ते त्यांच्या काळातच होते. आईच्या मृत्यूतून, सुरतेच्या विधवेच्या खटल्यामागच्या समाजातून आणि पुण्यामुंबईच्या बंद खोल्यांतून त्यांचा प्रश्न आला होता. त्यांचे साधन आज करावे गावच्या दवाखान्यातही मिळते. आशाताई घरी येऊन माहितीही देतात. त्या माहितीचा उपयोग करायचा की नाही, कधी आणि कुणाच्या शरीरावर, हे ठरवताना त्या घरातल्या बाईला तिचे मत कुणी विचारते का, एवढेच पाहायचे राहिले आहे. ते पाहणीच्या तक्त्यांत सापडणार नाही. प्रत्येकाला आपापल्या घरातच ते शोधावे लागेल.